पक्षाघातानंतरचा हात: संमोहन आणि फिजिओथेरपी यांची जोड कशी घालायची

सकाळी फिजिओथेरपिस्ट येऊन अर्धा तास व्यायाम करून घेतात. रात्री झोपताना मुलगा मोबाइलवर संमोहनाचं रेकॉर्डिंग लावतो. ‘तुमचे हात जड होत आहेत, पाय जड होत आहेत...’ दहा मिनिटांत बाबा घोरायला लागतात आणि घरातल्यांना वाटतं, दोन्ही उपचार सुरू आहेत. पण सकाळच्या व्यायामाचा रात्रीच्या रेकॉर्डिंगशी काहीच संबंध नसतो. शिवाय जो हात हलका व्हावा म्हणून सगळे झटताहेत, त्यालाच रोज रात्री ‘जड हो’ असं सांगितलं जातंय.

मी पक्षाघाताच्या पेशंटबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. संमोहनाचा भाग माझ्या जोडीची क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट सांभाळते. वर सांगितलेली चूक मी इतक्या घरांत पाहिली आहे की शेवटी सगळा क्रम नीट लिहून काढायला बसले.

एक गोष्ट आधी स्पष्ट करते. संमोहनाने मेंदूतल्या गेलेल्या पेशी परत येत नाहीत. पक्षाघातानंतरच्या हातासाठी संमोहनावर झालेला अभ्यास थोडा आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहाच पेशंट होते. मनातल्या मनात हालचालीचा सराव करणं, ज्याला आम्ही मोटर इमेजरी म्हणतो, त्यामागे जास्त अभ्यास आहे. पण त्यालाही अट आहे. २००७ साली पक्षाघात होऊन बराच काळ लोटलेल्या ३२ पेशंटवर एक चाचणी झाली. त्यात प्रत्यक्ष व्यायामाला लागूनच, त्याच कामांचा मनातला सराव घेतला आणि हाताच्या कामात सुधारणा दिसली. २०११ साली १२१ पेशंटवर झालेल्या चाचणीत मनातल्या सरावाला प्रत्यक्ष सरावाची जोड नव्हती. तिथे फरक पडला नाही.

यातून मी माझ्या कामासाठी घेतलेला अर्थ असा: संमोहनाने मन शांत करायचं, लक्ष हातावर आणायचं, मनातला सराव ठसठशीत करायचा आणि लगेच तेच काम प्रत्यक्ष हाताने करायचं. ‘लगेच’ आणि ‘तेच’ या दोन शब्दांपाशीच बहुतेकांची गाडी घसरते.

## १. हा पेशंट यासाठी तयार आहे का, ते आधी बघा

न्यूरॉलॉजिस्टने ‘तब्येत स्थिर आहे, व्यायाम सुरू करा’ असं सांगितलेलं असावं. बीपी किती असेल तर व्यायाम करायचा आणि कितीच्या वर थांबायचं, हे आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. प्रत्येकाचे वेगळे असतात. शेजारच्या काकांचे आकडे आपल्या वडिलांना लावू नका.

मग समज तपासा. पेशंटला सांगा, ‘आधी डोळे मिटा, मग चांगला हात दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा.’ हातवारे करून दाखवू नका, फक्त बोला. दोन्ही गोष्टी त्याच क्रमाने झाल्या, तर सूचना समजताहेत. बोलता न येणं म्हणजे न समजणं नव्हे. वाचा गेलेले कितीतरी पेशंट सगळं समजून घेतात. पण सूचनाच कळत नसतील तर संमोहनाचा आग्रह सोडा. अशा वेळी आरशासमोर चांगला हात हलवून दुखरा, म्हणजे पक्षाघात झालेला, हात हलतोय असा भास निर्माण करण्याची पद्धत, म्हणजे मिरर थेरपी, आणि करून दाखवून घेतलेला सराव जास्त उपयोगी पडतो.

ज्यांना भास होतात, ज्यांना आधीपासून गंभीर मानसिक आजार आहे, ज्यांच्या फिट्स गोळ्यांनी आटोक्यात आलेल्या नाहीत किंवा ज्यांना आपण कुठे आहोत याचाच गोंधळ होतो, त्यांना संमोहन द्यायचं नाही. निदान मानसोपचारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय तरी नाहीच.

नैराश्याकडे इथे मुद्दाम लक्ष द्या. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला ते येतं. ‘बाबा आळशीपणा करतात’ असं घरचे सांगतात, तेव्हा पुष्कळदा मामला नैराश्याचा असतो. त्याच्यावर औषध आहे. ते आधी सुरू होऊ द्या.

इशारा: तोंड अचानक वाकडं होणं, बोलणं अडखळणं, हातापायातली ताकद नव्याने जाणं, तोल जाणं किंवा दिसेनासं होणं यातलं काहीही दिसलं तर संमोहन नाही, व्यायाम नाही. १०८ लावा. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षणं कधी सुरू झाली ती वेळ लिहून ठेवा.

## २. माणसं निवडा आणि त्यांना एकत्र बसवा

हालचालीचा भाग नोंदणीकृत फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडेच हवा. संमोहन मानसोपचारतज्ज्ञाने किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने करावं, आणि त्यांनी संमोहनाचं प्रशिक्षणही घेतलेलं असावं. ‘संमोहनतज्ज्ञ’ ही पाटी बघून जाऊ नका. मूळ पदवी आणि नोंदणी विचारा. विचारलं म्हणून चिडणारा माणूस आपल्या कामाचा नाही.

‘रक्त पातळ करायच्या आणि बीपीच्या गोळ्या आता बंद केल्या तरी चालतील’ असं कोणी म्हणालं तर तिथून उठा.

पहिल्या सत्राआधी या दोघांनी पंधरा मिनिटं एकत्र बसणं फार गरजेचं आहे. प्रत्यक्ष जमलं नाही तर फोनवर बोला, पण बोला. फिजिओथेरपिस्ट बोटं उघडायला शिकवतेय आणि संमोहनात मात्र ‘तुम्ही समुद्रकिनारी मजेत चालताय’ असं सुरू आहे, हे मी पाहिलेलं आहे. पेशंटला छान वाटतं, हात मात्र आहे तिथेच राहतो. दोघांची एकच वही ठेवा आणि त्या आठवड्याचं काम पहिल्या ओळीत लिहा.

## ३. हाताची सुरुवातीची नोंद

ही पायरी घाईत सुटते. मग महिन्याभराने ‘फरक पडला का?’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसतं.

क्लिनिकमध्ये थेरपिस्ट पक्षाघातानंतरची हालचाल गुणांत मोजणारी फुगल-मायर चाचणी घेतात. तिचा हाताचा भाग ६६ गुणांचा असतो. घरी एवढं नको. टेबलावर डाव्या बाजूला प्लास्टिकचे रिकामे पेले ठेवा आणि एका मिनिटात दुखऱ्या हाताने किती पेले उजवीकडे नेता येतात ते मोजा. शून्य आले तर शून्य लिहा. मोबाइलवर व्हिडिओ काढा. दर वेळी त्याच कोनातून आणि त्याच खुर्चीत.

खांदा मात्र थेरपिस्टकडूनच तपासून घ्या. लुळ्या हाताच्या वजनाने खांद्याचा सांधा खाली उतरतो आणि हाडाखाली बोटभर खाच लागते. अशा खांद्याला आधार न देता हालचाली केल्या तर दुखणं मागे लागतं, आणि खांदा दुखणारा माणूस हात हलवायलाच घाबरतो. हाताचा पंजा सुजलेला, गरम, चकचकीत दिसत असेल किंवा नुसता स्पर्श झाला तरी कळ येत असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

तपासा: उठवताना, बसवताना घरातलं कोणी त्या हाताला धरून ओढतंय का? छताला कप्पी लावून दोरीने हात वर खेचण्याचा व्यायाम कोणी सुचवलाय का? दोन्ही आजच बंद करा.

## ४. एकच काम निवडा

‘हात बरा व्हावा’ हे ध्येय मनात रंगवता येत नाही. ‘पेला धरून तोंडापर्यंत न्यावा’ हे रंगवता येतं. काम लहान असावं, रोजचं असावं आणि पेशंटला मनापासून हवंसं वाटणारं असावं. काहींना स्वतःच्या हाताने सदऱ्याचं बटण लावायचं असतं, एका आजींना फक्त देवापुढे फूल वाहायचं होतं.

निवडलेलं काम तुकड्यांत तोडा. पेल्याचं उदाहरण घेऊ: हात टेबलावरून पुढे सरकवणं, बोटं उघडणं, पेल्याभोवती मिटणं, उचलणं, परत ठेवणं आणि सोडणं. पक्षाघातानंतरच्या हाताला मूठ वळणं त्या मानाने लवकर येतं; उघडणं आणि सोडणं हेच अवघड जातं. म्हणून दिवसभर स्पंजचा चेंडू दाबत बसवणं ही मोठी चूक आहे. मूठ आधीच घट्ट आहे, चेंडूने तिला आणखी मिटण्याचीच सवय लागते. मनातला सराव आणि प्रत्यक्ष सराव, दोन्हींत अर्ध्याहून जास्त वेळ उघडण्या-सोडण्याला द्या.

आता हे काम पेशंटला मनात करता येतं का ते बघा. डोळे मिटून सांगायचं, ‘आधी चांगल्या हाताने पेला उचलताय असं मनात करा. सुरू करताना सुरू म्हणा, संपलं की झालं म्हणा.’ घड्याळ लावा. मग तेच दुखऱ्या हाताने, तेही मनातच. दुखरा हात मनातही जरा हळू चालतो, ते ठीक आहे. पण प्रत्यक्षात दहा सेकंद लागणारं काम मनात एका सेकंदात उरकत असेल, तर तो माणूस स्वतःला सिनेमातल्यासारखं बाहेरून बघतोय. आपल्याला आतून यायला हवं: कोपराखाली टेबलाचा स्पर्श, बोटांच्या टोकांना स्टीलचा गारवा, मनगटावर पेल्याचं वजन.

एसटीतून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका माझ्याकडे यायचे. उजवा हात गेलेला. पेला उचलायचं म्हटलं की म्हणायचे, ‘पेला दिसतोय, हात दिसत नाही.’ दोन सत्रं अशीच गेली. तिसऱ्या वेळी सायकॉलॉजिस्टने त्यांना तिकिटाचा पंच हातात घ्यायला सांगितलं. अर्थातच मनात. ‘एसटी सुरू झालीय, तुम्ही मधल्या दांड्याला टेकून उभे आहात, तर्जनी आणि अंगठ्यात पंच आहे. दाबा... आता सोडा.’ काकांचा चेहरा बदलला. अंगठ्याच्या मुळाशी स्नायू किंचित थरथरला, तो मी माझ्या बोटांखाली अनुभवला. तेवढ्याने हात बरा झाला नाही. पण मनातला सराव कुठून आत शिरेल, ते दार सापडलं. पुढचे दोन आठवडे आम्ही पंच दाबण्या-सोडण्यापासून सुरुवात करून मग पेल्याकडे जात होतो.

माणसाने आयुष्यभर हाताने काय केलं ते विचारा. लाटणं, कात्री, वस्तरा, तबला, विळी, टाइपरायटर. हाताची जुनी आठवण तिथे असते.

काही पेशंटना, विशेषतः मेंदूच्या वरच्या-मागच्या भागाला इजा झालेली असेल तर, हे जमतच नाही. दोन-तीन दिवस प्रयत्न करा. तरी हात मनात येत नसेल तर जबरदस्ती करू नका, आरशाकडे वळा.

## ५. जागा, वेळ, खुर्ची

पलंगावर आडवं करून संमोहन देऊ नका. पेशंट झोपतो आणि झोपेत सराव होत नाही. हात असलेली, पाठीला आधार देणारी खुर्ची घ्या. पाय जमिनीला पूर्ण टेकलेले, समोर टेबल, दुखऱ्या हाताखाली कोपरापासून पंजापर्यंत उशी. प्रत्यक्ष सरावाचं सामान, म्हणजे पेला, आधीच टेबलावर मांडलेलं हवं. संमोहन संपल्यावर ‘अगं, तो प्लास्टिकचा पेला कुठे ठेवलास?’ सुरू झालं की मिळवलेलं सगळं जातं.

जेवणानंतर तासभर थांबा. स्नायूंचा घट्टपणा कमी करायला बॅक्लोफेनसारखी गोळी चालू असेल तर तिने सुस्ती येते. सुस्ती कोणत्या वेळी जास्त असते ते पाहून सत्राची वेळ ठरवा. गोळीची वेळ स्वतःच्या मनाने बदलू नका. लघवीला जाऊन यावं. चष्मा आणि कानाचं मशीन लावलेलं असावं. कानाचं मशीन काढून ठेवलेल्या आजोबांना वीस मिनिटं सूचना देण्याचा प्रकार माझ्यासमोर घडलेला आहे.

सूचना घरात बोलतो त्या भाषेत द्या. मालवणी बोलणाऱ्या माणसाला मालवणीत, अहिराणीवाल्याला अहिराणीत, गोव्यातल्या माणसाला कोंकणीत. इंग्रजी रेकॉर्डिंगचा आवाज कितीही मधुर असला तरी तो हातापर्यंत पोचत नाही.

तपासा: बीपी ठरलेल्या मर्यादेत आहे, खांदा दुखत नाही, सामान समोर आहे, वहीत आजचं काम लिहिलेलं आहे. यातलं एक जरी नसेल तर आज फक्त नेहमीचे हलके व्यायाम करा.

## ६. प्रत्यक्ष सत्र

एकूण पाऊण तास धरा. क्रम मोडू नका.

अ) हात मोकळा करणं, ५ मिनिटं. थेरपिस्ट खांद्याला आधार देऊन मनगट आणि बोटं हळूहळू ताणते. घट्ट मूठ बोटांना धरून उघडू नका. आधी मनगट थोडं खाली वळू द्या, मग अंगठा मुळाशी धरून बाहेर घ्या. बोटं त्यामागून सुटतात. झटका दिला की घट्टपणा वाढतो.

आ) संमोहनात नेणं, ५ मिनिटं. समोरच्या पेल्याच्या काठावर नजर स्थिर. श्वास नेहमीचा, बाहेर सोडताना थोडा लांब. जोरजोरात खोल श्वास घ्यायला लावू नका, त्याने चक्कर येते. मग डोळे मिटू द्यायचे आणि खांदे, जबडा, कपाळ सैल सोडायला सांगायचं.

इथेच ती ‘जड’ची चूक होते. तयार संहितांमध्ये हात जड होण्याची, उचलेनासा होण्याची सूचना जवळपास ठरलेलीच असते. निरोगी माणसासाठी ती ठीक आहे. आमच्याकडूनही सुरुवातीला ती तशीच वापरली गेली. डोळे उघडल्यावर एक काकू म्हणाल्या, ‘आधी थोडा तरी हलत होता, आता शिसं भरल्यासारखा झालाय.’ त्या दिवशी पुढे हात हलला नाही आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून दुखऱ्या हातासाठी ‘जड’, ‘सुन्न’, ‘गळून गेला’, ‘लुळा’ हे शब्द आमच्या वहीत लाल शाईने खोडलेले आहेत.

मग काय म्हणायचं? मूठ घट्ट असेल तर ऊब आणि सैलपणा: ‘काकू, तुमचा पंजा कोमट पाण्यात आहे. पाणी बोटांमधून फिरतंय. बोटांमध्ये जागा होतेय.’ हात सैल, लुळा असेल तर जाग आणि हलकेपणा: ‘तळहाताखालच्या उशीचा कापडी स्पर्श जाणवतोय. बोटांच्या टोकांकडे लक्ष जातंय. हात हलका आहे, तयार आहे.’ सैल हाताला सैलपणाच्या सूचना देऊन काहीच मिळत नाही.

वाक्यं वर्तमानात, छोटी आणि होकारार्थी असावीत. ‘हात कडक होणार नाही’ असं म्हटलं की मनात ‘कडक’च उमटतं.

इशारा: ‘आता दुखणार नाही’ ही सूचना व्यायामाआधी कधीही देऊ नका. खांद्याचं दुखणं हा आपला पहारेकरी आहे. संमोहनाने वेदना दबू शकते. मग पेशंट उतरलेल्या खांद्यावर जोर देतो आणि इजा झाल्याचं रात्री कळतं. वेदनेसाठी संमोहन वापरायचंच असेल तर ते वेगळ्या वेळी आणि डॉक्टरांना विचारून.

तशीच दुसरी बंदी ‘उद्या तुमचा हात उचलला जाईल’ या सूचनेवर. उद्या उजाडतो, हात उचलत नाही, आणि मग माणसाचा तुमच्यावरचा आणि स्वतःवरचाही विश्वास जातो.

इ) मनातला सराव, ७ ते ८ मिनिटं. ठरलेलं काम आधी एकदा चांगल्या हाताने, मग दुखऱ्या हाताने. दोन्ही मनात. चांगल्या हाताची ताजी जाणीव दुसरीकडे न्यायची असते. आम्ही साधारण असं बोलतो:

‘उजव्या हाताने पेला धरलाय. गार लागतोय. अंगठा एका बाजूला, चार बोटं दुसऱ्या बाजूला. ही जाणीव तशीच ठेवा... आता डावा हात. कोपर टेबलावरून पुढे सरकतंय. सावकाश. बोटं उघडताहेत, आधी अंगठा, मग बाकीची. पेला तळहातात येतोय... धरलात. थोडा उचललात. वजन मनगटावर आलंय. आता खाली टेकवा... आणि सोडा. बोटं एकेक करून सुटताहेत.’

प्रत्येक टिंबाच्या जागी खरोखर थांबा. सूचना देणारी व्यक्ती घाई करते, पेशंट मागे राहतो आणि बिचारा काही बोलत नाही. चांगल्या हाताच्या एका बोटाने खूण ठरवा: एक तुकडा मनात पूर्ण झाला की बोट उचलायचं. खूण आली की पुढे जा. सात-आठ मिनिटांत अशा आठ-दहा फेऱ्या पुरेत.

शेवटी एक खूण पेरून ठेवायची: ‘डोळे उघडल्यावर पेल्याला बोट लागलं, की ही बोटं उघडण्याची जाणीव परत येईल.’ प्रत्यक्ष सरावाला जोडणारा पूल म्हणजे ही सूचना. रात्रीच्या रेकॉर्डिंगमध्ये नेमकी हीच नसते.

ई) पूर्ण जागं करणं, २ मिनिटं. पाचापासून एकापर्यंत मोजत बाहेर आणा. नाव, वार विचारा. पाय जमिनीवर दाबायला सांगा. पेशंटला संमोहनातून थेट उभं करू नका. तोल आधीच कच्चा असतो.

उ) प्रत्यक्ष सराव, २० मिनिटं. डोळे उघडल्यापासून मिनिटभरात सुरू. चहा नंतर. फोन नंतर. आलेल्या पाहुण्यांना बाहेर बसवा.

तेच काम, तेच तुकडे. जो तुकडा जमत नाही त्याला थेरपिस्टचा हात आधाराला, पण अगदी लागेल तेवढाच. फेऱ्या मोजा. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका निरीक्षणात, पुनर्वसनाच्या एका सत्रात हाताच्या उपयोगी कामाची पुनरावृत्ती सरासरी ३२ वेळाच होत असल्याचं दिसलं होतं. हे फार कमी आहे. पहिल्या आठवड्यात जेवढ्या जमतील तेवढ्या करा, मग हळूहळू पन्नास, शंभर आणि पुढे. मध्ये विसावा घ्या, पण मोजणं सोडू नका. संमोहनाला वेळ दिला म्हणून सरावाच्या फेऱ्या कमी झाल्या, तर तोटाच झाला असं मी मानते.

पाठ खुर्चीला टेकलेलीच हवी. पेल्यापर्यंत पोचायला माणूस अख्खं धड पुढे झुकवतो किंवा खांदा कानापर्यंत उचलतो, आणि घरचे टाळ्या वाजवतात. पेला जवळ आणा आणि धड स्थिर ठेवा. दम रोखून जोर करत असेल तर मोठ्याने आकडे मोजायला लावा. बोलताना दम रोखता येत नाही.

ऊ) पुन्हा मनात, ३ मिनिटं. सरावातली सगळ्यात चांगली जमलेली फेरी डोळे मिटून दोन-तीनदा आठवायची. २००७ च्या ज्या चाचणीचा वर उल्लेख केला, तिच्यात मनातला सराव व्यायामानंतरच होता, म्हणून हा भाग मी गाळत नाही.

तपासा: सत्रानंतर खांद्याचं दुखणं वाढलं का? मूठ आधीपेक्षा घट्ट झाली का? दोन्हीपैकी काही झालं असेल तर उद्या फेऱ्या निम्म्यावर आणा आणि पेला आणखी जवळ ठेवा.

## ७. घरी रोज

आठवड्यातून दोन-तीनदा थेरपिस्टबरोबर पूर्ण सत्र होत असेल, तर बाकीच्या दिवशी स्व-संमोहनाची छोटी आवृत्ती करता येते. पहिली चार-पाच सत्रं नीट झाल्यावरच ती शिकवा. सायकॉलॉजिस्टच्या आवाजात, पेशंटच्या कामाचं, सात-आठ मिनिटांचं रेकॉर्डिंग करून घ्या. यूट्यूबवरचं कोणाचं तरी नको. काम बदललं की रेकॉर्डिंगही बदला. दोन महिने जुनं रेकॉर्डिंग वाजत असतं आणि पेशंट केव्हाच पुढे गेलेला असतो.

खुर्ची, उशी, समोर पेला, हे घरीही तसंच. रेकॉर्डिंग संपलं की लगेच वीस-तीस फेऱ्या. घरातल्या एकाने जवळ बसावं, पण ‘चल, चल, अजून वर!’ असं ओरडू नये. पुढ्यातला घास भरवूही नये. सहा सेकंदांत होणारं काम बाबांना करायला सहा मिनिटं लागतात, ते बघवत नाही, हे मला माहीत आहे. तरी थांबा. दिवसातून एखादं खरं काम त्या हाताच्या वाट्याला ठेवा: टॉवेल दाबून धरणं, दार ढकलणं, पोळीचं ताट स्थिर ठेवणं.

तेलाने मालिश चालेल, पण हळू हाताने. जोरात रगडलं की घट्ट स्नायू आणखी आवळतात. आणि मालिश झाली म्हणजे व्यायाम झाला, असं वहीत लिहू नका.

एकट्याने असताना स्व-संमोहन करून उठून चालू नये. गॅस चालू ठेवून तर मुळीच करू नये.

## ८. किती दिवस, आणि कधी थांबायचं

दर शनिवारी पेल्यांची मोजणी आणि व्हिडिओ. आकडा आठवड्याला बदलला नाही तरी व्हिडिओत काही दिसू शकतं: पूर्वी कोपर बाहेर जायचं, आता कमी जातं, बोटं आता पेला टेकल्यावर लवकर सुटतात. सुधारणेचा वेग पहिल्या तीन महिन्यांत सर्वात जास्त असतो, नंतर तो मंदावतो, पण सराव चालू असेल तर वर्षांनंतरही बदल होताना मी पाहिले आहेत.

संमोहनादरम्यान पेशंट रडू लागला, घाबरला, पक्षाघाताचा तो दिवस त्याच्या डोळ्यांसमोर आला, तर सराव तिथेच थांबवा. डोळे उघडायला सांगा, पाणी द्या, बोला. पुढचं सत्र सायकॉलॉजिस्टने फक्त बोलण्यासाठी ठेवावं. सलग तीन सत्रांत पेशंट झोपून जात असेल तर वेळ बदला. तरी झोपत असेल तर रात्रीची झोप आणि गोळ्यांबद्दल डॉक्टरांशी बोला.

सहा आठवडे हा क्रम नीट पाळून झाल्यावर वही उघडा. संमोहनाच्या दिवशी आणि बिनसंमोहनाच्या दिवशी झालेल्या फेऱ्या, बोटं उघडण्याचा वेळ, पेशंटचा उत्साह शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक दिसत असेल तर चालू ठेवा, काम थोडं अवघड करा, पेल्यात दोन घोट पाणी घाला. फरक दिसत नसेल तर संमोहन बंद करा आणि त्यात जाणारी पंधरा मिनिटं प्रत्यक्ष फेऱ्यांना द्या.